मंत्रिमहोदय, शुभसंदेश पोचला; पैसे कुठं अडले?

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

काल छापखान्याच्या मालकांनी थेट माझ्या वडिलांना फोन केला, म्हणून हे पत्र. एरवी आपल्यासारख्या कामात बुडालेल्या माणसाला त्रास दिला नसता.

आमच्या स्नेहसंमेलनात आपण माइकवरून म्हणालात, "पोरांनो, स्वतःचा वाङ्मयीन अंक काढा, पहिल्या अंकाचा खर्च माझ्याकडे लागला." टाळ्या पडल्या. आम्ही काढला. 64 पानं, 300 प्रती, बिल 24 हजार. आपला शुभसंदेश मात्र आठवड्यात आला, सोबत रंगीत फोटो आणि 'आर्ट पेपरवरच छापावे' ही सूचना. सगळा अंक काळापांढरा, त्यात आपलं तेवढं एक पान गुळगुळीत. तेच सगळ्यांत महाग पडलं. पैशांचं विचारलं की स्वीय सहायक म्हणतात, साहेब दौऱ्यावर आहेत.

दुष्काळी माण तालुक्यातल्या एका मुलीनं चारा छावणीत काढलेल्या उन्हाळ्यावर लिहिलंय. तिचा लेख युनिकोडमधून छापखान्याच्या श्रीलिपी फाँटात नेताना सगळी जोडाक्षरं फुटली. डीटीपीवाला वैतागून घरी गेला, आम्ही रात्रभर बसून ती जुळवली. आपण ते पान उघडलं असेल असं वाटत नाही. आपलं रंगीत पान आधी येतं ना!

मी दुपारनंतर मेडिकल दुकानात काम करतो. तो पगार छापखान्यात गेला, मेस बंद केली, वडापाववर भागवतोय. घरी वाटतं, पोरगं नादाला लागलं. कॉलेज दरवर्षी फीच्या पावतीत 'नियतकालिक' म्हणून पैसे घेतं आणि वार्षिक अंकात सत्कारांचे फोटो छापतं. आमच्या अंकासाठी त्यांच्याकडे 'तरतूद नाही'.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली. आमच्या साताऱ्यात 99वं साहित्य संमेलन झालं, शाहू स्टेडियमवर मांडव उभा राहिला, सरकारनं दोन कोटी दिले म्हणतात, खरंखोटं आपल्यालाच ठाऊक. आणि ही अभिजात भाषा आम्हाला शिकवणारे सर तासिका तत्त्वावर! मानधन कायम थकलेलं, तरी अंकाला पहिले हजार रुपये त्यांनीच दिले. भाषेचे दिवस साजरे करायला पैसा आहे, शिकवणाऱ्याला नाही, लिहिणाऱ्याला तर नाहीच. कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका'ला आपण एक कलम जोडलंत: आणि मंत्र्यांची बिलं भरा.

बिलाची झेरॉक्स सोबत आहे. दुसरा अंक दिवाळीत काढतोय. शुभसंदेश पाठवू नये, ही विनंती.

आपला,
बी.ए. भाग 3 (मराठी), सातारा