अकरा तालुक्यांचं विद्यापीठ पोरांच्या आणखी जवळ यावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवीन शैक्षणिक वर्ष सुरू झालं की विद्यापीठाच्या बातम्या यायला लागतात, नवे कोर्स, सामंजस्य करार, नवीन शैक्षणिक धोरण, प्लेसमेंट वगैरे. हे सगळं चांगलंच आहे, आपल्या सोलापूरच्या विद्यापीठानं मोठी स्वप्नं बघायलाच पाहिजेत. पण आपलं विद्यापीठ एका जिल्ह्याचं आहे. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुके, बास. एवढ्या आटोपशीर विद्यापीठाला आपली पोरं कुठनं येतात, कशी येतात आणि मधेच का सोडून जातात हे नीट माहीत करून घेता येतं, पुण्या-मुंबईच्या विद्यापीठाला ते जमणं अवघड आहे. यंदाच्या वर्षाचं नियोजन तिथून सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र लिहितोय.

ज्यांना आठवतंय त्यांना माहितीय की २००४ च्या आधी आपला जिल्हा शिवाजी विद्यापीठात होता. गुणपत्रिकेत नाव चुकलं, मायग्रेशन म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायचा दाखला पाहिजे, रिझल्ट राखून ठेवलाय, काहीही असलं तरी कोल्हापूर गाठायचं, रात्रीच्या एसटीनं निघायचं, सकाळी खिडकीपुढं उभं राहायचं आणि साहेब रजेवर असले तर परत यायचं. तेवढ्यासाठीच तर सोलापूरला वेगळं विद्यापीठ पाहिजे म्हणून लोकांनी मागणी लावून धरली आणि २००४ साली ते झालं, केगावला पुणे हायवेला उभं राहिलं. २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव मिळालं. विद्यापीठ निघालं त्यावर्षी जन्मलेली पोरं आज पदवी घेऊन बाहेर पडली. पण करमाळ्याच्या नाहीतर माळशिरस तालुक्यातल्या पोराला आजही केगावला एका कागदासाठी यायचं म्हणजे शंभराच्या वर किलोमीटर एका बाजूनं, म्हणजे दिवस गेलाच. जे अंतर कमी करायला विद्यापीठ काढलं त्यातलं थोडं अजून शिल्लक आहे एवढंच माझं म्हणणं.

माझं एका कॉलेजजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जूनपासून ऑगस्टपर्यंत सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर पोरं बसलेली असतात, बरोबर आई नाहीतर वडील, हातात प्लास्टिकच्या पिशवीत टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार. "मालक, पोरीचं बीएचं ॲडमिशन करायचंय, काय काय लागतंय बगा" असं वडील म्हणतात आणि पोरगी गप्प उभी असते. फॉर्म भरायला बसलं की पहिला प्रश्न मोबाईल नंबरचा. आता क्रेडिट बँकेचं खातं, म्हणजे पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जिथं ऑनलाइन जमा राहतात ते, काढायचं म्हणजे डिजिलॉकर हे सरकारचं कागदपत्रांचं ॲप पाहिजे, डिजिलॉकरला आधारला जोडलेला नंबर पाहिजे, आणि तो नंबर बहुतेक वेळा घरातल्या एकाच फोनचा असतो, तो फोन असतो मोठ्या भावाकडं, भाऊ कामाला चाकण नाहीतर हडपसरला. मग त्याला फोन लावायचा, तो शिफ्टमधी असतो, फोन उचलत नाही, ओटीपीची मुदत संपून जाते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो उचलतो तेव्हा परत पहिल्यापासून. शेवटची तारीख असली की त्या पोरीचा चेहरा बघवत नाही.

ओटीपीचं एकवेळ ठीक, ते उशिरा का होईना होतं. खरी अडचण त्याच्या पुढं आहे, विषय निवडायच्या वेळेला. नवीन धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय, स्किलचे पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली असं बरंच काही आलंय, आणि कल्पना चांगली आहे, आर्ट्सच्या पोराला कॉमर्सचा एखादा विषय शिकता यावा यात वाईट काही नाही. पण बारावीपर्यंत ठरलेले विषय शिकून आलेल्या पोराला अचानक लिस्टमधनं निवड कर म्हटलं की तो काउंटरच्या अलीकडून मलाच विचारतो, काका यातलं कुठलं सोपंय, कुठलं घेऊ. मायनर काय घ्यायचं ते पुढं एमएला, बीएडला, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडणारं असतं, हा निर्णय कॉलेजातल्या सरांबरोबर बसून व्हायला पाहिजे, दुकानात गर्दीत उभं राहून नाही. मी जमेल तेवढं सांगतो, कॉलेजात जाऊन विचारून ये म्हणून परत पाठवतो, पण परत पाठवलेलं पोरगं गावाहून आलेलं असतं आणि त्याची शेवटची गाडी पाचची असते.

कॉलेजातले सर तरी किती करणार. पुष्कळ ठिकाणी पोस्ट रिकाम्या, सीएचबीवरची म्हणजे तासावर पैसे मिळणारी माणसं, त्यातली बरीच जण कॉलेज सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यानं नेमली जातात, म्हणजे ॲडमिशनच्या काळात विषय समजावून सांगायला त्या विषयाचा माणूसच नसतो. नेमणुका शासनाच्या हातात आहेत हे मान्य, पण तोपर्यंत विद्यापीठानं एक काम सहज करावं, प्रत्येक शाखेचं साध्या मराठीत एक पान काढावं, हा विषय घेतला तर पुढं काय काय करता येतं एवढं स्पष्ट लिहिलेलं, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं कन्नडमध्ये, आपल्या शहराच्या पूर्व भागात तेलुगूमध्ये. पोरांना मराठी येतं हो, पण घरी आई-वडिलांना वाचून दाखवायचं असतं. विडी वळणारी आई आपल्या भाषेत ऐकेल तेव्हा पोरीच्या शिक्षणाबद्दल दोन प्रश्न तरी विचारेल, आत्ता ती नुसती सही करते, नाहीतर अंगठा देते.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते जी कोणी सांगतच नाही. नवीन धोरणात पहिल्या वर्षानंतर थांबलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथं केलं तर ऑनर्स, एवढं सगळ्यांना कळलंय. पहिल्या दोन वर्षांत थांबायचं असलं तर वरचे थोडे क्रेडिट पण करावे लागतात, ते नंतर कळतं, ते जाऊ द्या. पण धोरणाच्या आराखड्यात याच्यापुढंही लिहिलंय, मधेच थांबलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते, आधीचे क्रेडिट खात्यावर जमा राहतात. आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो बघा. एफवायची म्हणजे पहिल्या वर्षाची परीक्षा झाली की मे महिन्यात लग्नं लागतात, आणि सप्टेंबरमध्ये वर्गात दहा-पंधरा मुली कमी झालेल्या असतात, हे कुठल्याही सरांना विचारा. घरच्यांना वाटतं शिक्षण संपलं. मुलीला पण तेच वाटतं. सर्टिफिकेट हातात आलं की उलट घरचे म्हणणार, झालं की तुझं, सर्टिफिकेट मिळालं. म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा सगळ्यांना दिसतो आणि आत यायचा कुणालाच माहीत नाही. माझी विद्यापीठाला कळकळीची विनंती आहे की ज्या मुली दुसऱ्या वर्षाला ॲडमिशनला आल्या नाहीत त्यांच्या घरी कॉलेजकडनं एक फोन जावा, तुमची सून कधीपर्यंत परत येऊ शकते, काय कागद लागतील हे सांगणारा. सासरच्या माणसांना कुणीतरी अधिकारानं सांगितलं की बऱ्याच वेळा ते ऐकतात. माझ्या डोळ्यासमोर एक मुलगी आहे, कडेवर पोर घेऊन दुकानात फॉर्म भरायला आली होती, नवरा बाहेर गाडीवर थांबलेला, तिला कुणीतरी मैत्रिणीनं सांगितलं होतं म्हणून आली. मैत्रीण नसती तर आलीच नसती.

आता एसटीचं. राज्य परिवहनची एक योजना आहे, अहिल्याबाई होळकरांच्याच नावाची, ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी मोफत पास. त्या योजनेनं किती मुली दहावी-बारावी झाल्या त्याला हिशोब नाही. पण ती बारावीपर्यंतच आहे. मुलगी कॉलेजात गेली की सवलतीचा पास काढावा लागतो, विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलत आहे, चांगलीच आहे, पण ज्या घरात महिन्याला तीनशे-चारशे रुपये सुद्धा मोजून देतात तिथं पोराचा पास आधी निघतो आणि पोरीला सांगतात परीक्षेपुरती जा. २०२४-२५ पासून शासनानं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ केली, त्याबद्दल धन्यवादच, पण साध्या बीए बीकॉमच्या मुलीची अडचण फीपेक्षा जाण्यायेण्याची जास्त आहे. ज्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव आहे त्या विद्यापीठानं त्यांच्याच नावाचा मोफत पास पदवीपर्यंत न्यावा म्हणून शासनाकडं ठराव पाठवावा, अधिसभेत म्हणजे सिनेटमध्ये मांडावा. आमदार खासदार सगळे पाठिंबा देतील, याला विरोध कोण करणार.

आणि पास असून उपयोग काय, गाडी वेळेला नसेल तर. सकाळी साडेसातचं लेक्चर आणि गावातनं पहिली गाडी सव्वासातला, हे गणित बसतच नाही. त्यात जून-जुलै म्हणजे आषाढी वारी, एसटीच्या गाड्या पंढरपूरला लागतात, लागायलाच पाहिजेत, वारी आपल्याच जिल्ह्यात येते, तो मान आपला आहे. पण त्या आठ-दहा दिवसात गावाकडच्या फेऱ्या कमी होतात आणि नेमकं तेव्हाच फर्स्ट इयरचं शिकवणं सुरू होत असतं. मग हजेरी कमी भरते आणि पोरगं सुरुवातीलाच मागं पडतं. पंच्याहत्तर टक्के हजेरी पाहिजे हे बरोबरच आहे, पण शैक्षणिक कॅलेंडर करताना समोर पंचांग आणि डेपोचं टाइमटेबल दोन्ही ठेवायला काय हरकत आहे. विद्यापीठानं एसटीच्या विभाग नियंत्रकांबरोबर वर्षातनं एक बैठक घ्यावी, प्रत्येक कॉलेजनं कुठल्या गावातनं किती पोरं येतात याची यादी द्यावी. ही यादी कॉलेजात ॲडमिशनच्या फॉर्मवर पत्त्यासकट आधीच असते, वेगळं काही गोळा करायचं नाही.

नवीन धोरणातल्या ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल (ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं) पण थोडं लिहितो कारण त्यात सोलापूरचा फायदा आहे. चार क्रेडिटचं ओजेटी म्हणजे एकशेवीस तास. पोरं सर्टिफिकेट कुठनं मिळेल ते शोधत फिरतात आणि कधी कधी ओळखीच्या दुकानातनं नुसता शिक्का आणतात, माझ्याकडं पण विचारायला येतात, मी देत नाही. आणि इथं आपल्याकडं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने आहेत जे माल परदेशात पाठवतात, चादरीला जीआय म्हणजे इथल्याच मालाची सरकारी ओळख मिळालेली आहे, साखर कारखाने तर राज्यात सगळ्यात जास्त आपल्या जिल्ह्यात, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तर केगावलाच, विद्यापीठाच्या शेजारी म्हणायला हरकत नाही. नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे. बीकॉमच्या पोरानं टॉवेलच्या एक्सपोर्टची कागदपत्रं कशी होतात ते एकशेवीस तास बघितलं, मायक्रोबायोलॉजीच्या पोरीनं डाळिंबावरचा तेल्या रोग प्रयोगशाळेत बघितला, तर त्यांना कळेल की काम इथंही आहे. आज पदवी झाली की बॅग भरून पुण्याची गाडी धरायची एवढंच ठरलेलं असतं. गिरण्या बंद पडल्यावर या शहरातनं जी माणसं गेली ती परत आली नाहीत, आता शिकलेली पोरं जातायत. कारखानदारांशी एकेका पोरानं बोलून काही होत नाही, मालक गेटवरनंच परत पाठवतो. विद्यापीठानं व्यापाऱ्यांच्या चेंबरशी, कारखान्यांशी बोलून जागांची यादीच काढली आणि वेबसाइटवर तालुक्याप्रमाणे टाकली तर हा प्रश्न सुटतो.

निकालाबद्दल थोडक्यात. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात लिहिलंय की परीक्षा संपल्यापासून तीस दिवसात आणि उशिरात उशिरा पंचेचाळीस दिवसात निकाल लागला पाहिजे. वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक परीक्षेच्या तारखेसमोर निकालाची तारीख पण छापावी. ज्यांना दुसरीकडं एमएला, बीएडला ॲडमिशन घ्यायचंय त्यांना आठ दिवसाच्या उशिरानं वर्ष जातं.

तालुक्यातल्या मोठ्या गावात महिन्यातनं एक ठरलेला दिवस विद्यापीठाचा माणूस बसावा, अकलूज, बार्शी, पंढरपूर, सांगोला, करमाळा असा, गुणपत्रिकेतली दुरुस्ती, पदवी प्रमाणपत्राचा अर्ज, पुनर्मूल्यांकन, सगळं तिथंच घ्यावं. बाजाराचा दिवस धरला तर पोरांचे वडील पण येतील, आठवडी बाजाराला तर ते येतातच.

हे सगळं एकदम होणार नाही हे कळतंय. ऑगस्टच्या सुरुवातीला विद्यापीठाचा वर्धापन दिन असतो. तोपर्यंत विषय निवडीचं ते एक पान तिन्ही भाषेत आणि दुसऱ्या वर्षाला न आलेल्या मुलींची कॉलेजवार यादी, एवढी दोन कामं झाली तरी याच सत्रातल्या पोरांना उपयोग होईल. पान तयार झालं तर माझ्याकडं पाठवा, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी झेरॉक्स फुकट देईन, शहरातले बाकीचे दुकानदार पण देतील, मी बोललोय त्यांच्याशी.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार, सोलापूर