टाकीत कुणाला उतरवू नका, नाना

कार्ल्सरूह, 17 मे, रविवार रात्र

ती. नाना आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आज दुपारी फोनवर आई बोलता बोलता म्हणाली की मागची संडासाची टाकी भरलीय, मिरगाच्या आधी उपसून घ्यायचीय, नानांनी दोन माणसं ठरवलीत, आणि लगेच आंब्याच्या पेटीचं सांगायला लागली. मी तेव्हा काहीच बोललो नाही, आजी शेजारी होती आणि फोन सारखा कट होत होता, पण ठेवल्यापासून माझं कशातच लक्ष लागेना. म्हणून हे लिहायला बसलो. लांब होणार आहे, धाकटीला म्हणावं सावकाश वाचून दाखव, आणि नाना तुम्ही पूर्ण ऐका, मग बोला.

आधी मुद्द्याचं सांगतो. त्या टाकीत माणूस उतरवायचा नाही. दोघंही नाहीत, एक पण नाही, पाच मिनिटं पण नाही.

तुम्ही म्हणाल आजवर कितीदा उपसली, कुणाला काय झालं. खरंय. पण मी इथं जर्मनीत पाच वर्षं हेच काम करतोय आणि ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही ही माझी चूक झाली. "पाईपलाईनच्या कंपनीत आहे" एवढंच सांगत आलो. आईने मावशीला मी पाण्याच्या खात्यात इंजिनियर आहे असं सांगितलंय ते कळलं मला. आई, मी गटाराचं काम करतो. ड्रेनेजच्या लाईनी तपासायच्या, धुवायच्या, दुरुस्त करायच्या. त्याचं इथं तीन वर्षांचं रीतसर शिक्षण असतं, आउसबिल्डुंग म्हणतात, आठवड्यातले काही दिवस शाळा बाकीचे कामावर, शेवटी परीक्षा. माझ्या सर्टिफिकेटवर पाईप, गटार आणि कारखाना सेवेचा कुशल कामगार अशा अर्थाचं नाव आहे, 2024 पासून जी पोरं लागली त्यांच्या कोर्सचं नाव बदलून उमवेल्टटेक्नोलोगे केलंय, उमवेल्ट म्हणजे पर्यावरण. नाव काही असो, काम तेच. मावशीला हे असंच सांग आणि स्थळ येईल त्यांनाही असंच सांग. लपवून लग्न करायचं नाही मला.

आता काम कसं चालतं ते सांगतो, नाना तुम्हाला यात रस वाटेल. सकाळी साडेसहाला यार्डात. मी आणि माझा जोडीदार, तो पन्नाशीचा आहे, बोलतो कमी. गाडीच्या मागच्या भागात छोटं ऑफिसच असतं, दोन स्क्रीन, खुर्ची, आणि केबलचा मोठा ड्रम. आधी जेटिंगवाली गाडी लाईन धुऊन घेते. तुम्ही बांबूच्या पट्ट्या एकाला एक बांधून ढकलायचात, हाताची सालटी निघायची. इथं नळीच्या टोकाला एक पितळी बोंडासारखा नोझल असतो, त्याची भोकं मागच्या बाजूला, शंभर-दीडशे बारच्या प्रेशरने पाणी मागं सुटतं आणि त्या धक्क्यानं तो आपला आपणच लाईनमधे पुढं चढत जातो. मग नळी गुंडाळत मागं ओढली की सगळा गाळ पाण्याबरोबर मॅनहोलपाशी येतो आणि तिथून गाडी तो ओढून घेते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तुमचीच आठवण आली.

लाईन धुतली की कॅमेरा सोडायचा. चार चाकांचा, मांजराएवढा असेल, पुढं लाईट आणि डोकं सगळीकडं वळतं. मी वर गाडीत बसून जॉयस्टिकनं चालवतो. एका मॅनहोलपासून दुसऱ्यापर्यंत साधारण चाळीस-पन्नास मीटर, आणि त्यात जे जे दिसेल ते मीटरनुसार लिहायचं. त्याला युरोपभर एकच कोड आहेत, बीएबी म्हणजे चीर, बीएसी म्हणजे पाईप फुटलेला, बीबीए म्हणजे झाडाची मुळं. आणि जागा घड्याळाप्रमाणे सांगायची, बारा वाजता म्हणजे पाईपच्या माथ्याला, सहा वाजता म्हणजे तळाला. परवाच एका 300 मिलीमीटरच्या जुन्या भाजलेल्या मातीच्या पाईपात, तेवीस मीटरवर जॉइंटमधून मुळं उतरलेली, अगदी वडाच्या पारंब्यांसारखी, केसाएवढी बारीक हजारो, आणि प्रत्येक केसाला टॉयलेटमधे टाकलेले ओले टिश्यू आणि तेलाचा पांढरा थर लटकलेला. जमिनीत ओलावा कुठं आहे ते मुळाला बरोबर कळतं, एवढीशी फट मिळाली की पुरते. ते आता रोबोट पाठवून कापायचं आणि मग आतून अस्तर घालायचं. हे अस्तर म्हणजे फायबर ग्लासची मोज्यासारखी लांब पिशवी, रेझिनमधे भिजवलेली, ती आत ओढायची, हवेनं फुगवायची, आणि आतून यूव्ही दिव्यांची माळ फिरवायची की कडक होऊन जुन्या पाईपात नवा पाईप तयार. रस्ता खोदायचा नाही. घरांची कनेक्शनं त्यात झाकली जातात, ती परत रोबोटनं आतूनच कापून उघडायची. पिशवी घालायची ही पद्धत पहिल्यांदा लंडनला 1971 साली झाली म्हणे, म्हणजे तुम्ही शाळेत असाल तेव्हा.

अख्ख्या जर्मनीत सरकारी गटार लाईनच सुमारे 6 लाख किलोमीटर आहे, आणि ती दर दहा-पंधरा वर्षांनी तपासायची असा नियम आहे, राज्याप्रमाणे थोडाफार फरक. त्यामुळं काम संपत नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या सगळ्या खटाटोपाचं कारण एकच, माणूस आत जाता कामा नये. कॅमेरा, जेट, रोबोट, सगळं त्यासाठी. आणि कधी जावंच लागलं, मोठ्या लाईनीत किंवा पंपाच्या खड्ड्यात, तर आधी लेखी परवाना. मग गॅसमीटर दोरीनं खाली सोडायचा, वर, मधे आणि तळाला, तीन ठिकाणी मोजायचं. ऑक्सिजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, तो थोडा जरी उतरला तरी मीटर ओरडतो. सल्फाईड पाच पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग, झाला की ओरडतो. ब्लोअर लावून ताजी हवा सोडायची. मॅनहोलच्या तोंडावर तिवई, अंगावर पट्टा, पट्ट्याला दोर, कमरेला श्वासाचा डबा, आणि वर एक माणूस असा की काहीही झालं तरी तो खाली यायचा नाही, त्याचं काम फक्त ओढून काढणं आणि फोन करणं. ढग आले तरी आम्ही बाहेर येतो, कारण इथं बऱ्याच ठिकाणी पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच लाईनीत आहे, वरच्या भागात पाऊस झाला तर इथं ऊन असताना पाणी चढतं.

मागच्या हिवाळ्यात एका पंपाच्या खड्ड्यात उतरायचं होतं, सुट्ट्यांमुळं चार दिवस बंद पडलेला. मी पट्टा बांधून शिडीवर पाय ठेवणार तेवढ्यात जोडीदारानं मागून पट्ट्याला धरलं. मीटर तळाला सल्फाईड 38 पीपीएम दाखवत होता. मला वास पण फारसा आला नव्हता. तो एवढंच म्हणाला, वार्टेन, म्हणजे थांब. चाळीस मिनिटं ब्लोअर चालवला, परत तीनदा मोजलं, शून्य आल्यावर उतरलो. दिवसाचं अर्धं काम राहिलं, कुणी एक शब्द बोललं नाही.

त्या चाळीस मिनिटांत मला तुम्ही आठवत होतात नाना. हायवेवरच्या हॉटेलचं चेंबर तुंबलेलं, मी दहा वर्षांचा असेन, बॅटरी धरायला बरोबर नेलेलंत. तुम्ही आत उतरलात, छातीएवढं खोल, सडक्या अंड्यासारखा घाण वास येत होता, मी नाक दाबून उभा. थोड्या वेळानं तुम्ही वर बघून म्हणालात, वास गेला बघ, आता बरं वाटतंय. मग आतला बोळा निघाला, पाणी सुटलं आणि तुम्ही होतात तिथंच गुडघ्यावर बसलात. भांडी घासणाऱ्या पोरानं आणि मी काखेत हात घालून तुम्हाला ओढलं. घरी आईनं कांदा फोडून हुंगवला, सगळे म्हणाले उन्हाची भोवळ. ती भोवळ उन्हाची नव्हती नाना. वास गेला नव्हता, तुमचं नाक मेलं होतं. हा गॅस म्हणजे तोच हायड्रोजन सल्फाईड, तो शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाकाला वास कळणंच बंद होतं, आणि माणसाला वाटतं हवा सुधारली. हजाराच्या जवळ गेला तर एक-दोन श्वासात माणूस कोसळतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. हे मला शाळेत पहिल्या वर्षी शिकवलं, त्या दिवशी मी डबा न खाता बसून राहिलो. कुणालाच सांगितलं नाही, तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय.

आपली टाकी त्या चेंबरपेक्षा वाईट. चेंबरमधून निदान पाणी वाहतं, टाकीत गाळ वर्षानुवर्षं बसलेला असतो आणि गॅस त्या गाळातच अडकलेला असतो. झाकण दोन दिवस उघडं ठेवलं तरी वरची हवा बदलते, गाळातला गॅस तिथंच. माणूस आत उतरून पाय ठेवतो, फावडं मारतो, तेव्हा तो सुटतो, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळं तळालाच राहतो, बरोबर वाकलेल्या माणसाच्या तोंडाशी. आणि तुम्ही कंदील सोडून बघायचं म्हणाल, तर कंदील फक्त ऑक्सिजन कमी आहे का ते सांगतो, सल्फाईडचं काही सांगत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडतो. त्या दिवशी टाकीजवळ बिडीसुद्धा ओढू नका. पेपरात नेहमी येतं बघा, एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. दुसरा आणि तिसरा मायेपोटी गेलेले असतात. म्हणून कुणी पडलंच तर मागं उडी मारायची नाही, 112 ला फोन, अग्निशमनवाल्यांकडं हवेचा सिलेंडर असतो.

आणि ती दोन माणसं. ती कुठल्या वस्तीतली असतील ते मला विचारायची गरज नाही, तुम्हालाही माहीत आहे. इथं माझ्या जोडीदाराचा बाप बेकरीत होता, त्याला हे काम आवडलं म्हणून तो आला, मी आयटीआयचा फिटर म्हणून आलो. आडनाव बघून कुणाला आत ढकललं नाही. कामाचे कपडे कंपनी धुते, घरी न्यायचेच नाहीत, अंघोळीच्या अलीकडं एक कपाट आणि पलीकडं एक, घाणीचे वेगळे स्वच्छ वेगळे. कावीळ आणि धनुर्वाताच्या लसी कंपनी देते. तेच काम मी केलं की तुम्ही पोराला परदेशी नोकरी म्हणता आणि त्यांनी केलं की आई त्यांना चहा वेगळ्या कपात देते. आई रागावू नको, पण मला हे आता सहन होत नाही.

कायदाही आहे. 2013 च्या कायद्यानं टाकीत किंवा गटारात माणूस असा साधनांशिवाय उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं 2014 मधे मेलेल्या माणसाच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं आणि ऑक्टोबर 2023 मधे ते तीस लाख केले. पण मी कायद्याच्या भीतीनं सांगत नाहीये, त्या दोघांच्या घरी पण कुणी बॅटरी धरणारं दहा वर्षांचं पोरगं असेल.

तर आता असं करा. मैला उपसणारी टँकरची गाडी मागवा, सक्शनवाली, नगरपालिकेत चौकशी करा, नाहीतर खाजगीपण येतात. 14420 हा याच कामाचा हेल्पलाईन नंबर आहे, धाकटीला लावून बघायला सांगा. ते वरूनच नळी सोडतात. नळी सोडायला पण कुणी आत वाकायचं नाही. तळाला गाळ कडक झाला असेल तर वरूनच पाणी मारून ढवळायचं आणि परत ओढायचं, दोन खेपा लागल्या तर लागू देत. अगदी खरवडून स्वच्छ करायची गरजच नाही, थोडा गाळ राहिला तर चांगलाच, मैला कुजवणारे जिवाणू त्यातच असतात. आजीला आणि शेजारच्या पोरांना त्या दिवशी पुढच्या अंगणात बसवा. टाकीच्या व्हेंट पाईपची जाळी गंजलीय ती पण बदलून घ्या, ते काम तुम्हीच कराल, वरचंच आहे.

आणि त्या दोघांना नको म्हणून परत पाठवू नका, त्यांचा दिवस धरलाय तुम्ही. मागच्या भिंतीचे दगड ढासळलेत ना, ते काम त्यांना द्या, ठरलेल्या मजुरीवर, आणि चहा आपल्याच कपात.

पैसे उद्या पाठवतो, गाडीचे आणि मजुरीचे. गाडी येऊन गेली की टाकीचा फोटो टाका, झाकण घट्ट बसवलेला.

तुमचा,
बाळू