पत्ता बदलला, हे एकदाच सांगू द्या : अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितो आहे आणि त्याला आधार तुमच्याच सरकारचा आहे. लग्नाच्या नात्याने जोडीदाराला अमेरिकेत नेण्यासाठी जो आय-130 अर्ज भरावा लागतो, त्यात जोडीदाराचं नाव आणि परदेशातला पत्ता त्याच्या स्वतःच्या लिपीत लिहायला रकाना आहे. लोक तिथे देवनागरीत इमारत, गल्ली, पेठ, मुक्काम पोस्ट सगळं जपून लिहितात. पण तो पत्ता पुढे बदलला, तर सांगायचं कुणाला?

तो बदलतोच. महाराष्ट्रात भाड्याच्या घराचा करार साधारण 11 महिन्यांचा असतो आणि तुमची प्रक्रिया त्याहून लांबते. लग्न झालं की मुलगी सासरी, नवरा अमेरिकेला परत गेला की काही दिवस माहेरी, मग नोकरीसाठी पुण्यातल्या वाकडला भाड्याने. एका फाईलच्या काळात तीन पत्ते होतात. त्यात लपवाछपवी काही नसते, संसार असाच चालतो.

पहिला टप्पा, म्हणजे आय-130 ची याचिका, तुमच्या खात्याकडे नाही, गृहसुरक्षा खात्याच्या यूएससीआयएस या नागरिकत्व आणि स्थलांतर विभागाकडे आहे, हे मान्य. तिथे पत्ता बदलायचा म्हटलं की जो तो एआर-11 फॉर्मचं नाव घेतो. पण तो अमेरिकेत राहणाऱ्या परकीयांसाठी आहे. ग्रीन कार्डवाल्या नवऱ्याने तिथे घर बदललं तर 10 दिवसांत भरायचा. वाकडच्या बायकोसाठी तो नाही. ऑनलाइन खातंही नवऱ्याचंच. मग उपाय उरतो तो असा : नवऱ्याने एक पानी पत्र लिहायचं. त्यात पावती क्रमांक, दोघांची नावं आणि जन्मतारखा, जुना पत्ता, नवा पत्ता आणि तो कोणत्या तारखेपासून, एवढं हवं. सही करून, भाडेकरार जोडून, खात्यात न मागितलेले पुरावे चढवायची जी सोय आहे तिथे ते टाकायचं. अर्ज कागदी असेल तर तो जिथे प्रलंबित आहे तिथे टपालाने पाठवायचं.

याचिका मंजूर झाली की फाईल तुमच्याकडे, पोर्ट्समथच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे येते. म्हणजे एनव्हीसीकडे. आणि तिथे पत्त्यांचा सगळा हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. डीएस-260 हा इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज वयाच्या 16 व्या वर्षापासूनचे सगळे पत्ते मागतो, वसतिगृह आणि पेइंग गेस्टच्या खोलीसकट, कधीपासून कधीपर्यंत या तारखांसह. आधीच्या आय-130ए मध्ये, म्हणजे याचिकेला जोडलेल्या जोडीदाराच्या माहितीच्या फॉर्ममध्ये, शेवटच्या 5 वर्षांचे पत्ते दिलेले असतात. दोन्ही कागद मुलाखतीला अधिकाऱ्यासमोर असतात. पहिल्यात जुनं घर मे महिन्यात सोडलं आणि दुसऱ्यात नवं घर मार्चमध्येच धरलं, की प्रश्न आलाच. त्यात आपली गावं इंग्रजीत लिहायची. वाकड एका कागदावर ‘डब्ल्यू’ने, दुसऱ्यावर ‘व्ही’ने. म्हणून अर्ज भरणाऱ्यांना माझं सांगणं आहे : आय-130ए ची प्रत शेजारी ठेवा, स्पेलिंग तिथलंच घ्या, आणि तारखा आधी कागदावर ओळीने मांडून मगच भरायला बसा.

‘सबमिट’ दाबलं की या अर्जाला कुलूप लागतं. त्यानंतर घर बदललं तर एनव्हीसीच्या चौकशी फॉर्मवरून, केस क्रमांक देऊन, अर्ज पुन्हा उघडा अशी विनंती करावी लागते. उघडल्यावर दुरुस्ती करून तो पुन्हा सही करून सबमिट करायचा आणि पुष्टीचं पान नव्याने छापायचं. इथे बरेच जण फसतात. दुरुस्ती करतात, सबमिट करायचं राहतं आणि फाईल तिथेच थांबते. देश तोच असेल, कागदपत्रं मंजूर झाली असतील आणि मुलाखत मुंबईलाच व्हायची असेल, तर या भानगडीत पडूच नये. नवा पत्ता, तारीख आणि करार घेऊन मुलाखतीला बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात जावं आणि अधिकाऱ्याला सुरुवातीलाच सांगावं. ईमेल मात्र एक दिवसही जुना राहू देऊ नये. एनव्हीसीच्या सूचना त्यावरच येतात, आणि वर्षभर उत्तर गेलं नाही तर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 203(जी) खाली नोंदणीच रद्द होण्याची पाळी येते.

देश बदलला तर मात्र सगळंच बदलतं, आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून तुम्ही नियम केलात की मुलाखत अर्जदार राहतो त्या देशात होईल, किंवा मागणी केली तर नागरिकत्वाच्या देशात. अबू धाबीतली नोकरी सुटून कुणी पुण्याला परतलं, तर फाईल मुंबईकडे वळवायला एनव्हीसीला वेगळं कळवायचं, राहत असल्याचा पुरावा द्यायचा. जिथे सध्या 6 महिन्यांहून जास्त राहिलात तिथला पोलीस दाखला हवा, आणि पूर्वी 12 महिने किंवा जास्त राहिलात त्या देशाचाही. अमिरातीतला दाखला तिथून निघण्याआधीच काढून ठेवावा. मुलाखतीची तारीख लागल्यावर फाईल एनव्हीसीच्या हातात राहत नाही. मग थेट दूतावासाशीच बोलायचं.

मंत्रिमहोदय, ज्या पत्त्यावर आता मुलाखतीचा देश ठरतो, तो बदलल्याचं सांगायला तुमच्याकडे एक सरळ बटण नाही! कागदी आय-130 चे 675 डॉलर, एनव्हीसीचे 325 आणि 120, व्हिसा मिळाल्यावर इमिग्रंट फी 235. म्हणजे 1,355 डॉलर, वैद्यकीय तपासणी वेगळी. एवढे पैसे घेणारी दोन खाती एकमेकांना एक पत्ता कळवू शकत नाहीत? यात सर्वांत जास्त दुखतं ते हे की जिचं आयुष्य या फाईलमध्ये अडकलंय, तिला पहिल्या टप्प्यात स्वतःचं दारच नाही. ती कुठे राहते, हेही नवऱ्याने सांगायचं. आमच्याकडेही काही वेगळं नाही. पासपोर्टवरचा पत्ता बदलायचा तर पासपोर्टच पुन्हा काढा, 36 पानी पुस्तिकेचे 1,500 रुपये भरा. पोलीस दाखल्याचे 500 वेगळे, शिवाय पोलीस पडताळणीच्या वेळी घरी हजर राहा. (पासपोर्टवर जुना पत्ता आहे म्हणून अमेरिकेचा व्हिसा अडत नाही. केवळ त्यासाठी कुणी नवा पासपोर्ट काढू नये.) सगळीकडची सरकारं माणूस एका जागी बसून वाट बघेल असं धरून फॉर्म छापतात.

मागणी एवढीच आहे. जोडीदाराला स्वतःच्या नावाने, याचिका दाखल झाल्या दिवसापासून मुलाखतीपर्यंत उघडा राहणारा, पत्ता बदलण्याचा एक रकाना द्या. तिथे भरलेलं यूएससीआयएस, एनव्हीसी आणि दूतावास तिघांनाही दिसू द्या. आणि पासपोर्ट परत कुठे घ्यायचा याची जी निवड अपॉइंटमेंटच्या संकेतस्थळावर वेगळी करावी लागते, तीही त्यालाच जोडा. तोवर वाचणाऱ्यांनी मुलाखतीआधी ती नोंद उघडून बघावी. बाकी सगळीकडे पत्ता बदलला तरी तिथे आपोआप बदलत नाही.

आपला,
एक नागरिक, पुणे