अटॅचमेंट नेमकी कुठे अडली? आई-बाबांना पत्र

हैदराबाद,
दि. ११ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा यांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी सांगितलेल्या तक्रारी मी लिहून घेतल्या होत्या. सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्ताऐवजी ईमेलला जोडून कोणतीतरी अनोळखी फाईल आली आहे आणि ती उघडत नाही. बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र आधी दिसत होते, आता दिसत नाही. मामांनी लग्नाचे फोटो पाठवल्याचे सांगितले, पण ईमेलमध्ये एकही फोटो नाही. आणि आत्याला कागद पाठवूनही तिला ते मिळालेले नाहीत. बाबा या सगळ्याला "अटॅचमेंट उडाली" असे एकच नाव देतात, आणि म्हणूनच संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला बोलावून सगळे नव्याने बसवून घ्यावे असे त्यांच्या मनात आले आहे. कृपया तसे करू नका. विंडोज पुन्हा टाकल्याने यातली एकही तक्रार दूर होणार नाही, उलट आज संगणकावर जे सुखरूप आहे तेही जाण्याची भीती आहे. फोनवर "वर उजवीकडे बघा, आता खाली या" असे सांगत बसण्यापेक्षा हे कागदावर लिहिलेले बरे, म्हणजे पत्र कीबोर्डशेजारी ठेवून सावकाश पाहता येईल.

बाबा, कचेरीतल्या पत्राच्या शेवटी तुम्ही "सोबत : वरीलप्रमाणे" असे लिहून कागद टाचणीने जोडत होतात. ईमेलमध्ये असा सुटा कागद नसतो. मुळात ही व्यवस्था साध्या रोमन मजकुरापुरती होती. चित्र, ध्वनी किंवा देवनागरी लिपी तिच्यातून नेण्याची सर्वमान्य पद्धत नथानिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये मांडली, तिला माइम म्हणतात. या पद्धतीत फाईलचे रूपांतर रोमन अक्षरांच्या लांबलचक ओळींमध्ये केले जाते, त्या ओळी पत्राच्या मजकुराखालीच लिहिल्या जातात, आणि त्यांच्यावर फाईलचे नाव, तिचा प्रकार आणि ती कशी उलगडायची याची सूचना असते. तुमच्याकडचा प्रोग्राम ती सूचना वाचून अक्षरांची पुन्हा फाईल तयार करतो. पत्र आणि फाईल असा एकाच लांब मजकुराचा प्रवास असल्यामुळे पत्र पोहोचले आणि फाईल तेवढी वाटेत गळून पडली, असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा फाईल मुळातच पाठवली गेलेली नसते, किंवा आलेली असूनही तिची सूचना वाचता आलेली नसते, किंवा आपल्याच हातून ती उचलून दुसरीकडे ठेवली गेलेली असते.

यातले काय झाले आहे हे ओळखण्यासाठी सर्वांत आधी एकच गोष्ट करावी : थंडरबर्ड, म्हणजे आपला ईमेल पाहण्याचा प्रोग्राम, बंद न करता इंटरनेटसाठीचा क्रोम उघडावा, जीमेलच्या पानावर जावे आणि तोच ईमेल तिथे पाहावा. आपल्या खात्याची मूळ प्रत गूगलच्या सर्व्हरवर असते आणि थंडरबर्ड तीच आणून दाखवतो. तिथे अटॅचमेंट दिसली तर अडचण आपल्या संगणकात आहे. तिथेही नसेल तर संगणकाला हात लावण्याची गरजच नाही, पाठवणाऱ्याला विचारावे लागेल किंवा ती कोणी काढून टाकली हे शोधावे लागेल. क्रोममध्ये दिसते पण थंडरबर्डमध्ये दिसत नाही असे झाल्यास डावीकडच्या इनबॉक्सवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज निवडावे आणि त्या चौकटीतले रिपेअर फोल्डर दाबावे. त्यामुळे त्या फोल्डरची बिघडलेली सूची नव्याने तयार होते. जुने ईमेल पुष्कळ असल्यामुळे यास वेळ लागेल; मध्येच संगणक बंद करू नये.

सोसायटीच्या इतिवृत्ताचे कोडे मला सर्वांत आधी सुटले, कारण बाबांनी फाईलचे नाव अक्षरन् अक्षर वाचून दाखवले होते : विनमेल डॉट डॅट. हे नाव ऐकले की पुढचा तपास जवळजवळ संपतोच. आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्राममध्ये ईमेल लिहिताना त्याचे स्वरूप रिच टेक्स्ट असे ठेवलेले असले, तर मजकुराची सजावट आणि जोडलेल्या फायली हे सारे एका गाठोड्यात बांधून पाठवले जाऊ शकते, आणि ते गाठोडे सोडवणे इतर अनेक प्रोग्रामना जमत नाही. म्हणून इतिवृत्त हरवलेले नाही, ते त्या विनमेल डॉट डॅटच्या पोटात आहे. ते बाहेर काढणारे प्रोग्राम इंटरनेटवर मिळतात, परंतु सोसायटीच्या सभासदांची नावे आणि थकबाकीचे आकडे असलेली फाईल कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी चिटणीसांना एवढेच कळवावे की, "ईमेलचे स्वरूप एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्ट असे ठेवून इतिवृत्ताची पीडीएफ पुन्हा पाठवावी." पीडीएफचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. सोसायटीचे टंकलेखन अजून युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये होते, आणि तशी वर्डची फाईल तो फॉन्ट नसलेल्या आपल्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी चिन्हांची रांग दिसते. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच बसवून पाठवता येतो.

याच्याच जवळचा एक प्रकार तुम्हांला कधीतरी भेटेल. फाईलचे नाव देवनागरीत असले आणि पाठवणाऱ्याच्या प्रोग्रामने ते नीट बांधले नाही, तर आपल्याकडे ती "नोनेम" अशा नावाने येते आणि नावाच्या शेवटची ओळखही (डॉट पीडीएफसारखे शेपूट) गळालेली असते, मग विंडोज "ही कशाने उघडू?" असे विचारू लागते. पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाईल येणार हे तुम्हांला आधीच ठाऊक असेल तरच पुढे जावे. ती फाईल जतन करून नोटपॅडमध्ये उघडावी. आत अगम्य चिन्हांचे जंगल दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नये, फक्त पहिली अक्षरे पाहावीत. टक्क्याचे चिन्ह आणि त्यामागे पीडीएफ ही रोमन अक्षरे असतील तर ती पीडीएफ आहे; पी आणि के या अक्षरांनी सुरुवात होत असेल तर ती बहुधा वर्डची नवी फाईल, एक्सेलची फाईल किंवा झिप आहे. नोटपॅड काहीही न साठवता बंद करून फाईलच्या नावाला योग्य शेपूट जोडले की ती उघडते. बाबांना हा खेळ आवडेल असे वाटते.

बँकेच्या प्रमाणपत्राबाबत मात्र वेगळेच घडले असावे. बाबा म्हणाले की, आधी पीडीएफ होती, मग त्यांनी ती "वेगळी करून ठेवली" आणि नंतर ती फोनवरही दिसेनाशी झाली. थंडरबर्डमध्ये अटॅचमेंटवर उजवे बटण दाबले की सेव्ह ॲज, डिटॅच आणि डिलीट असे पर्याय दिसतात. सेव्ह ॲजमध्ये फाईलची प्रत संगणकावर येते आणि ईमेलमधली मूळ फाईल तशीच राहते; डिटॅचमध्ये फाईल संगणकावर येते आणि ईमेलमधून काढली जाते. आपले खाते आयमॅप पद्धतीने, म्हणजे सर्व्हरवरची एकच प्रत सगळीकडे दिसेल असे, जोडलेले असल्यामुळे हा बदल सर्व्हरपर्यंत पोहोचतो, म्हणून फोनवरही ती दिसत नाही. प्रमाणपत्र बाबांनी त्या वेळी निवडलेल्या फोल्डरमध्ये असणार. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही दोन्ही फोल्डरे उघडून तारखेनुसार लावावीत, त्या दिवशीच्या फायलींमध्ये ते सापडेल. ईमेलमध्ये त्या फाईलच्या जागेची खूण शिल्लक राहते, पण फाईल पुढे दुसरीकडे हलवली असेल तर ती खूण काही उपयोगाची नाही. यापुढे डिटॅचला हात लावू नये, नेहमी सेव्ह ॲज वापरावे.

प्रमाणपत्र सापडल्यावर ते पासवर्ड मागेल, तेव्हा फाईल खराब झाली असे समजू नये. बँका अशा पीडीएफना कुलूप घालतात आणि पासवर्ड कसा बनवायचा हे त्याच ईमेलच्या मजकुरात लिहितात. आपण घाईने खाली जातो आणि ते वाचायचे राहते. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड आधारवरील नावाची पहिली चार रोमन अक्षरे मोठ्या लिपीत आणि त्यापुढे जन्मवर्ष असा आठ अक्षरी असतो. बँकेचा नियम निराळा असू शकतो.

मामांच्या फोटोंविषयी मी त्यांच्याशी बोलले. त्यांनी फोटो जोडलेच, मात्र ते २५ एमबीच्या पुढे गेल्यामुळे जीमेलने ते गूगल ड्राइव्हवर ठेवून ईमेलमध्ये केवळ दुवा घातला. फाईल अक्षरांत रूपांतरित झाली की तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, कारण मूळच्या तीन बाइट्सना तिथे चार अक्षरे लागतात. त्यामुळे मर्यादेत बसेल असे वाटणारी मोठी फाईलही एखाद्या सेवेकडून परत येऊ शकते. दुवा ही अटॅचमेंट नव्हे, म्हणून थंडरबर्डमध्ये पेपरक्लिपची खूण दिसली नाही. त्या निळ्या ओळीवर टिचकी मारल्यावर परवानगी मागणारे पान आले, तर मामांना ड्राइव्हमध्ये आपल्या पत्त्याला परवानगी द्यायला सांगावे. उतरवलेल्या फोटोंपैकी काही विंडोजला उघडता आले नाहीत, तर ते मामेभावाच्या आयफोनवरचे असतील. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो आणि तो पाहण्यासाठी विंडोजमध्ये वेगळी जोडणी घालावी लागू शकते. त्यापेक्षा त्याच्याकडून जेपीईजी मागवणे सोपे. फोटो आवडले तर लगेच उतरवून ठेवावेत, कारण मामांनी ड्राइव्हमधली जागा मोकळी केली की दुवा निकामी होईल.

उलट बाजूनेही एक गंमत असते. काही ईमेलवर पेपरक्लिप असते आणि आत पाहण्यासारखे काहीच नसते. ती पाठवणाऱ्याच्या सहीखालच्या बोधचिन्हाची किंवा डिजिटल सहीची फाईल असते. तिथे शोधाशोध करू नये.

आत्याच्या बाबतीत तांत्रिक बिघाड काहीच नाही. दवाखान्याकडून आलेल्या ईमेलवर बाबांनी रिप्लाय दाबून त्यात आत्याचा पत्ता घातला होता. रिप्लायमध्ये जुना मजकूर जातो, जुन्या फायली जात नाहीत. फॉरवर्डमध्ये दोन्ही जातात. तिला तोच ईमेल फॉरवर्ड करावा.

आई, तुझी महिला मंडळाच्या कार्यक्रमाची फाईल वेगळ्या वाटेने गेली आहे. तू ती ईमेलमधूनच थेट उघडलीस, वर्डमध्ये दुरुस्त्या केल्यास आणि साठवलीस. पण थेट उघडलेली फाईल एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते, आणि ते फोल्डर केव्हा साफ होईल याचा भरवसा नाही. ईमेल पुन्हा उघडलास तेव्हा आत मूळची, दुरुस्त्या नसलेली प्रत दिसणे स्वाभाविक आहे. तू अजून संगणकावर दुसरे काही केले नसशील तर वर्ड उघड, फाईलमध्ये ओपन आणि तिथे रीसेंट पाहा. यादीत ती असेल आणि उघडली, तर लगेच सेव्ह ॲज करून डॉक्युमेंट्समध्ये ठेव. पुढच्या वेळी आधी जतन करून मगच लिहायला घे. क्रोममधून उतरवलेल्या फायली कुठे गेल्या हे कळत नसेल तेव्हा कंट्रोल आणि जे ही बटणे एकत्र दाबलीस की त्यांची यादी समोर येते.

काही अटॅचमेंट मात्र न मिळालेल्याच बऱ्या. डॉट ईएक्सई प्रकारच्या, म्हणजे उघडताच प्रोग्राम चालवणाऱ्या, फायली जीमेल घेत नाही, २०१७ पासून डॉट जेएसही घेत नाही, आणि त्या झिपमध्ये दडवल्या तरी अडवतो. अशा वेळी अटॅचमेंट अडवली गेल्याची सूचना दिसली तर ती कशी मिळवावी याचा विचार करू नये. विंडोज नावाचे शेपूट लपवत असल्यामुळे बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई ही फाईल बिल डॉट पीडीएफ अशी सोज्वळ दिसते. म्हणून फाईल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून फाईल नेम एक्स्टेन्शन्स हा पर्याय चालू करून ठेवावा. आणि "तुमची अटॅचमेंट उघडून देतो, हे ॲप घाला आणि आकडा सांगा" असे फोनवर कोणीही म्हणाले, तो स्वतःला बँकेचा म्हणवो की दुसऱ्या कोणाचा, फोन ठेवून द्यावा.

एवढे पाहूनही एखादी अटॅचमेंट सापडली नाही, तर पडद्याचा फोटो काढून मला पाठवण्याऐवजी थंडरबर्डमध्ये तो ईमेल निवडून मेसेज या मेनूतले फॉरवर्ड ॲज आणि त्यात अटॅचमेंट असे निवडून माझ्या पत्त्यावर पाठवावा. तसे केले की मूळ ईमेल जसाच्या तसा माझ्याकडे येतो, आणि आत फाईलची अक्षरे आहेत की नाहीत हे मला इथे बसून ओळीओळीने पाहता येते. सुरुवात बँकेच्या प्रमाणपत्रापासून करावी, डाउनलोड्समध्ये तारखेनुसार लावून. मिळाले की त्याची एक प्रत पेनड्राइव्हवरही घ्यावी.

तुमची,
धाकटी

ता. क. : रिपेअर फोल्डर करायला घेतलेत तर ते रात्री जेवणाआधी लावावे, म्हणजे बाबांना समोर बसून राहावे लागणार नाही.