जपानी चित्रकथांतील मुलगी कोण रेखाटते?

मा. संपादक,
स. न.

जपानी कार्टून आणि चित्रकथांमुळे आपल्या मुलींवर काय परिणाम होतो, याविषयी चिंता व्यक्त करणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखातील काही भाग पटला. परंतु ‘जपानी चित्रकथेतली मुलगी म्हणजे मोठ्या डोळ्यांची बाहुली’ हा त्याचा निष्कर्ष अर्ध्या माहितीवर बेतलेला आहे, म्हणून हे पत्र.

आधी पटलेल्या भागाविषयी. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतही मुले हिंदीतून डोरेमॉन पाहतात, आणि जपानी मुलगी म्हणजे शिझुका, एवढीच त्यांची ओळख होते. शिझुका हुशार, नीटनेटकी, समजूतदार आहे. ती व्हायोलिन भयंकर वाजवते आणि भाजलेली रताळी आपल्याला आवडतात हे कोणाला कळू नये म्हणून धडपडते. हे दोन दोष तिला दिले नसते, तर कथेचा नायक नोबिता याला पुढे मिळणारी बायको यापलीकडे तिला अस्तित्वच उरले नसते. मूळ कथांत ती आंघोळ करत असताना नोबिता अचानक तिथे येऊन पोहोचतो, हा विनोद वारंवार केलेला आहे. शाळकरी मुलांच्या इयत्तावार मासिकांसाठी १९७० पासून लिहिल्या गेलेल्या कथांत हे असावे, याचे समर्थन मी करणार नाही. त्याच देशात २०१४ मध्ये बालकांची अश्लील छायाचित्रे बाळगणे गुन्हा ठरले, तेव्हा रेखाटलेली चित्रे मात्र कायद्याबाहेर राहिली, हेही खरे.

मात्र हा त्या चित्राचा एकच भाग झाला. जपानमध्ये मुलींसाठी काढलेल्या चित्रकथांची, म्हणजे ‘शोजो मांगा’ची, स्वतंत्र परंपरा आहे, आणि तिचे मूळ शाळेत सापडते. प्रत्येक प्रांतात मुलींची निदान एक उच्च शाळा असावी, असा हुकूम तिथल्या सरकारने १८९९ मध्ये काढला. चांगली गृहिणी आणि आई घडवणे हाच त्यामागचा उद्देश होता, त्यात पुरोगामी असे काही नव्हते. पण बालपण संपल्यावर आणि लग्न होण्यापूर्वी चार-पाच वर्षे मुलींच्या हातात आली. त्या वाचू लागल्या, एकमेकींना पत्रे लिहू लागल्या, आणि १९०२ पासून खास त्यांच्यासाठी मासिके निघू लागली. मुलीचे हे वय साहित्याचा विषय झाले ते असे, सरकारच्या मनात नसताना.

या मासिकांतल्या चित्रकथा प्रथम बहुतांशी पुरुषच काढत. ओसामु तेझुका यांनी १९५३ मध्ये राजपुत्राच्या वेषात वावरणारी राजकन्या रंगवली, ती याच परंपरेतली. पुढे बदल झाला तो वाचकांकडूनच. मासिके नव्या चित्रकर्त्यांसाठी स्पर्धा घेत. १९६४ मध्ये अशाच एका स्पर्धेतून माचिको सातोनाका पुढे आल्या, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलगी होत्या. १९७०च्या दशकात तर मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा अशा १९४९च्या आसपास जन्मलेल्या स्त्रियांनी या कथांचा चेहराच पालटून टाकला. इकेदा यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या कथेची नायिका फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली, मुलासारखी वाढवलेली सैनिक अधिकारी आहे, आणि शेवटी ती राजाच्या विरोधात, लोकांच्या बाजूने उभी राहते. नाओको ताकेउची यांच्या १९९१च्या मालिकेतली चौदा वर्षांची उसागी उशिरा उठते, परीक्षेत नापास होते, क्षुल्लक कारणावरून भोकाड पसरते आणि तरीही जग वाचवते. रडकी मुलगी शूर असू शकते, हे आमच्या पिढीला कोणी सांगितले नव्हते. डोळे इथेही मोठेच आहेत, पण त्या डोळ्यांमागे काय चालले आहे हे सांगण्यासाठी ते मोठे केलेले आहेत.

लेखात या परंपरेचा उल्लेख नाही, याचा दोष एकट्या लेखकाला देता येणार नाही. आपल्या घरांत जे टिकले ते मुलग्यांभोवती फिरणारे, आणि त्यावरूनच आपण मत बनवतो.

आणि आपल्याकडे काय आहे? आपेगावच्या भावंडांतली धाकटी मुक्ताई रुसून बसलेल्या ज्ञानेश्वरांना ताटी उघडायला सांगते, ते आपण शतकानुशतके गात आलो. पण बालसाहित्य म्हटले की गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे ही नावे झटकन ओठांवर येतात. त्याच वयाची मुलगी आठवायची तर थांबून विचार करावा लागतो. याचे एक कारण मला आमच्या जिल्ह्यात दिसते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार परभणी आणि बीड जिल्ह्यांत २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या आईबापांना वयात आलेली मुलगी मागे ठेवायची भीती वाटते, आणि लग्न लावले की नवा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, तयार होऊन मुकादमाकडून आगाऊ उचल मिळते. जपानी मुलींना मिळालेली ती चार-पाच वर्षे इथे आठवी-नववीतच कापली जातात, मग त्यांच्याविषयी लिहिणार कोण आणि वाचणार कोण? अशा परिस्थितीत जपानी बाहुलीच्या डोळ्यांची काळजी आपण जरा जास्तच करतो, असे मला वाटते.

म्हणून एक सूचना करते. आपल्या बालपुरवणीत चित्रकथेसाठी अर्धे पान आहे आणि त्यात बहुतेक वेळा हुशार मुलगा आणि विनोदी प्राणी असतो. ते पान वर्षभर मराठवाड्यातल्या आठवी ते दहावीच्या मुलींना द्यावे. त्यांच्याकडून चित्रकथा मागवाव्यात, निवडलेल्यांना मानधन द्यावे, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांपर्यंत हे आवाहन पोहोचेल असे पाहावे. चित्रे ओबडधोबड असली तरी ती छापायला हरकत नसावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
गंगाखेड, जि. परभणी