अण्णांचं कपाट रद्दीत घालू नकोस

प्रिय पक्या,

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि मग झोपच लागली नाही. प्रेसची जागा दिली, ट्रेडल छपाईयंत्र भंगारवाल्याने नेलं, छपाईचे अक्षरांचे खिळे वजनावर गेले, आता ऑफिसमधलं अण्णांचं कपाट तेवढं राहिलंय आणि बुधवारी रद्दीवाला येतोय, असं तू दोन ओळीत लिहून मोकळा झालास. अरे फोनच करणार होतो, पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि पुढच्या मिनिटाला विसरतोस, म्हणून लिहितोय. लांबेल, पण चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच, आणि त्याआधी रद्दीवाल्याला फोन करून नको म्हणून सांग.

तुला माहितीय मी गेली बारा-तेरा वर्षं पुस्तकांच्या धंद्याबद्दलची जुनी पुस्तकं गोळा करतोय. म्हणजे छपाई, प्रकाशन, पुस्तकविक्री, दुकानदारी, कागदाचे हिशोब, जे मिळेल ते. घरी सगळ्यांना वाटतं की हा दिवसभर प्रकाशनात कॉस्टिंग करतो आणि रविवारी परत त्याचीच पुस्तकं काय आणतो. पण पक्या, आपल्या धंद्यात शिकवणारं कोणी नसतं रे. मी लागलो तेव्हा मला एक कॅल्क्युलेटर आणि एक जुनी फाईल दिली आणि म्हणाले कर. फर्मा म्हणजे काय, डेमी मापाचा शीट कसा मोडतो, हजार प्रतींना कागद किती लागतो हे मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं ते अण्णांकडून, तुमच्या त्या खणभागातल्या ऑफिसात, आठवतंय का, दिवाळीच्या सुट्टीत आलो होतो आणि त्यांनी एक कोरा शीट घेऊन माझ्यासमोर तीनदा घडी घातली होती, आठ पानं, दोन्ही बाजू मिळून सोळा पृष्ठं, हा झाला एक फर्मा. पानांवर नंबर घातले, शीट उघडला आणि उलटेसुलटे नंबर बघून मी चाट पडलो. तो शीट माझ्याकडे अजून आहे.

आता तुला एक पुस्तक दाखवायचंय, म्हणजे पत्रातूनच. स्टॅन्ली अन्विन नावाचा लंडनचा प्रकाशक होता, ऑगस्ट १९१४ मध्ये, बरोबर महायुद्ध सुरू होताना, याने जॉर्ज ॲलन नावाची डबघाईला आलेली कंपनी घेतली आणि ॲलन अँड अन्विन उभी केली. राधाकृष्णनांची भारतीय तत्त्वज्ञानावरची दोन खंडांची इंग्रजी पुस्तकं यांनीच काढली, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या लायब्ररीत हे नाव सगळीकडे दिसतं. या माणसाने १९२६ साली ‘द ट्रूथ अबाउट पब्लिशिंग’ म्हणून पुस्तक लिहिलं. हस्तलिखित आल्यापासून ते दुकानात पुस्तक जाईपर्यंत काय काय होतं, पैसा कुठे अडकतो, दुकानदाराला किती सूट द्यायची, सगळं उघड सांगितलंय, आडपडदा नाही. मला ते इथे जुन्या बाजारात मिळालं, रविवारी, नळाच्या तोट्या आणि जुन्या चार्जरच्या ढिगाशेजारी, साठ रुपयांना. पाठ उन्हाने विटलेली, आत जांभळ्या शाईचा बुधवार पेठेतल्या कुठल्यातरी छापखान्याचा शिक्का, नाव निम्मं पुसलेलं.

घरी येऊन उघडलं आणि थांबलोच. खर्चाचा हिशोब मांडलेल्या प्रकरणात समासभर पेन्सिलने मराठीत हिशोब. त्या माणसाने शिलिंग-पेन्सचं सगळं रुपये-आण्यात बसवून बघितलं होतं, स्वतःच्या एका पुस्तकासाठी. १६० पृष्ठं, १० फर्मे, १००० प्रती, कागद २० रीम (पाचशे शीटचा एक रीम), वर अर्धा रीम वाया जाणारा. खर्च प्रतीला साडेसात आणे. किंमत सव्वा रुपया म्हणजे वीस आणे, त्यातून पाव हिस्सा कमिशन गेलं की हातात पंधरा आणे. आणि खाली लिहिलंय, ‘५०० गेल्या की मुद्दल सुटली.’ मी कॅल्क्युलेटर घेऊन तपासलं, आण्याला आणा जुळतो.

पण खरी गोष्ट शेवटच्या कोऱ्या पानावर आहे. तिथे नुसती शिल्लक लिहिलीय, सालवार. १९३४ दिवाळी ८८०. १९३५ ला ७७१. मग ७०२, ६५५, ६११, असं हळूहळू उतरत जातं, एका साली तर फक्त नऊ प्रती गेल्यात. १९४१ ला ४९६, आणि त्या आकड्याखाली दोन रेघा, इतक्या दाबून ओढलेल्या की कागद मागून उठलाय, बोट फिरवलं की लागतो. सात वर्षं लागली रे त्या माणसाला स्वतःचे पैसे परत बघायला. त्याच्या पुढे आणखी चार नोंदी आहेत आणि शेवटी ‘५८, वाटून टाकल्या’. बस. पुढे काही नाही.

मी त्या दिवशी जेवलो नाही नीट. कारण मी रोज लोकांना ब्रेक-इव्हनचे, म्हणजे किती प्रती गेल्या की मुद्दल सुटेल त्याचे, आकडे काढून देतो, एक्सेलमध्ये दोन मिनिटात येतो तो आकडा, पण तो आकडा येईपर्यंत वाट बघणं म्हणजे काय ते मला त्या दोन रेघांनी सांगितलं. आणि हे मूळ पुस्तकात नाहीये, नवीन कोरी प्रत घेतली असती तर मिळालं नसतं. म्हणून मी या विषयावरचं पुस्तक शक्यतो सेकंडहँडच घेतो, आणि त्यातही धंद्यातल्या माणसाने वापरलेली प्रत असेल तर जास्त पैसे देऊन घेतो. बाकीचे गिऱ्हाईक लिहिलेली प्रत बघून भाव पाडतात, मी उलट करतो.

ते पुस्तक कोणतं असेल म्हणून मी शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची काढून बसलो. तू बघितलीयस का ती? १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं एका भागात आणि १९३८ ते १९५० दुसऱ्या भागात, लायब्रऱ्या पालथ्या घालून एका माणसाने केलेलं काम. सरकारी खातं नाही, युनिव्हर्सिटी नाही, एक माणूस. तीन नावांवर येऊन थांबलोय, अजून नक्की नाही, तू आलास की दोघं बसून बघू.

आता अण्णांच्या कपाटाबद्दल, नीट वाच. तू लिहिलंयस की सगळी जुनी कॅटलॉग आणि फाटकी पुस्तकं आहेत, कामाचं काही नाही. अरे तीच कामाची आहेत. कादंबऱ्या, कवितासंग्रह कुठेतरी टिकतात, कोणीतरी ठेवतं. पण प्रकाशकाचं सूचीपत्रक, कागदवाल्याचं दरपत्रक, खिळे ओतणाऱ्या टाइप फाउंड्रीचं नमुन्याचं पुस्तक हे साल संपलं की फेकायचं असंच सगळ्यांना वाटतं, म्हणून ते मिळतच नाही. अण्णांकडे खिळ्यांच्या नमुन्यांचं एक पुस्तक होतं, काळ्या कापडी बांधणीचं, प्रत्येक पानावर एकच वाक्य लहान-मोठ्या टाइपात छापलेलं, ते मी हाताळलंय. ते सगळ्यात आधी बाजूला काढ. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी माहितीयत ना, लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागलेला मुलगा, त्याने पुढे स्वतःची फाउंड्री काढली आणि १८६९ ला निर्णयसागर सुरू केलं, आणि त्या टाइपावर आपल्या दोन-तीन पिढ्या वाचायला शिकल्या. तो टाइप कसा दिसायचा, किती पॉइंटात होता, काना कुठे तुटायचा, हे सांगणारी नमुन्याची पुस्तकंच गेली तर नंतरच्या माणसाने बघायचं कुठे?

आणि प्रियोळकरांचं ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ असेल बघ, १९५८ चं, अण्णा त्यातलं नेहमी सांगायचे. गोव्यात १५५६ ला पहिला छापखाना उतरला, तो खरं तर ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथियोपियाला, चालला होता आणि गोव्यातच राहिला. मग तुमच्या मिरजेची गोष्ट, १८०५ ला पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून गीता छापवली, त्याच साली तिकडे बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण छापून निघालं. मिरजेचं नाव आलं की अण्णा खुर्चीत सरळ व्हायचे, आठवतंय? आणि गणपत कृष्णाजींनी १८३१ ला शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापायच्या यंत्रावर, पंचांग छापलं, चरबीच्या शाईने छापलेलं सोवळ्यात चालायचं नाही म्हणून धर्माच्या पुस्तकांसाठी तुपाची शाई केली म्हणतात, हे पण मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

त्याच विषयातलं एक मला कायम टोचतं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, मराठीतलं, रोमन लिपीत, १६१६ ला गोव्यात रायतूरला छापलं, आणि त्या आवृत्तीची एकही प्रत आज जगात माहीत नाही. पुढे आणखी दोनदा छापलं तरी त्यातलीही नाही. हाताने लिहिलेल्या प्रतींमुळे ते पुस्तक टिकलं. म्हणजे छापलं की टिकलं असं नसतं रे, कोणीतरी घरात जागा द्यावी लागते.

बघताना काय काय बघायचं ते सांगतो. पहिलं पान आणि शेवटचं पान दोन्ही बघ, मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता कुठेतरी असतोच, १८६७ च्या कायद्याने तो छापणं बंधनकारक होतं, त्यामुळे कव्हर गेलेलं असलं तरी ओळख पटते. मागच्या जाहिराती फाडू नकोस. आत चिठ्ठ्या, बिलं, पोस्टकार्डं सापडली तर जिथे आहेत तिथेच राहू देत, वेगळी काढून गठ्ठा केलास तर कुठलं कशातलं ते कळणार नाही. अण्णांच्या हिशोबाच्या वह्यासुद्धा ठेव, त्या तर आधी. २०१९ च्या पुरात खालचे दोन कप्पे भिजले होते म्हणालेलास, ती पुस्तकं चिकटली असतील तर ओढून उघडू नकोस, तशीच वर्तमानपत्रात गुंडाळ. औषध वगैरे काही मारू नकोस. आणि सुतळीने बांधू नकोस, कडा कापल्या जातात.

तू म्हणशील हे सगळं आता ऑनलाइन मिळतं. मिळतं, मी पण बघतो, पण गेल्या वर्षी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १९३० सालची प्रत म्हणून पुस्तक मागवलं, फोटो जुन्या प्रतीचा, आणि आलं काय तर स्कॅन करून छापलेली नवी प्रत, त्यात मधली अकरा पानं कोरी आणि एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. पैसे परत मिळाले, पण ते पुस्तक मला अजून मिळालेलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे एका जुन्या ग्रंथालयाने जागा नाही म्हणून ‘रद्द’ शिक्का मारून दोन टेम्पो पुस्तकं काढली, मला कळलं तेव्हा टेम्पो पेपर मिलला गेला होता. मी रद्दीवाल्याकडे जाऊन पोहोचलो तर दुकानात तीन पुस्तकं मागे राहिलेली, त्यातली एक पुस्तकविक्रीवरची होती, ती आणली. बाकी काय काय होतं ते आता कोणाला विचारणार?

स्ट्रँड हे पुस्तकांचं दुकान बंद झालं २०१८ ला तेव्हा आपण दोघं गेलो होतो मुंबईत फोर्टात, शेवटच्या आठवड्यात. शानभागांनी १९४८ ला एका थिएटरच्या आवारात सुरू केलेलं दुकान. सगळे पुस्तकं उचलत होते आणि तू मला विचारलंस की तू काय रिकामी शेल्फं बघतोयस. मी तेव्हा बोललो नाही, पण माझ्या मनात हेच होतं की असं दुकान कसं चालवलं, कोणतं पुस्तक किती मागवायचं हे कसं ठरवलं, ते ज्याच्या डोक्यात होतं त्याच्याबरोबरच जातं. आपल्याकडे प्रकाशक-विक्रेते मंडळी धंद्याचं फार लिहून ठेवत नाहीत. प्रकाशक ह. वि. मोट्यांनी ‘विश्रब्ध शारदा’मध्ये लोकांची पत्रं जमवून छापली म्हणून निदान काहीतरी हातात आहे. अण्णांनी पन्नास वर्षं प्रेस चालवली, त्यांनी लिहिलं नाही, पण त्यांच्या पुस्तकांच्या समासात काहीतरी असणार, मला खात्री आहे, ते हातात पेन्सिल घेतल्याशिवाय वाचायचे नाहीत.

पैशाचं मोकळेपणी बोलतो. मला फुकट नको. कपाट उघडून आपण दोघं एकेक बघू, जे तुला ठेवायचं ते तुझं, नमुन्याचं पुस्तक आणि वह्या तुझ्याच घरी राहाव्यात असं माझं मत आहे, मी फक्त फोटो काढून घेईन. बाकी जे मी नेईन त्याचे मी पैसे देणार आणि ते काकूंच्या हातात देणार, तू मध्ये बोलायचं नाहीस.

शनिवारी रात्रीच्या एसटीने स्वारगेटहून निघतो, पहाटे सांगलीत. खोकी आणि जुनी वर्तमानपत्रं मी घेऊन येतोय, तू फक्त कपाटाची किल्ली शोधून ठेव, ती पूर्वी घड्याळामागच्या खिळ्याला असायची. आणि काकूंना सांग नाष्ट्याला माझ्यासाठी वेगळं काही करू नका, आपण भडंग खाऊ.

तुझा,
सुऱ्या

ता. क. रद्दीवाल्याला फोन केलास का? आधी तो कर.