पाटीवर त्या बाईचं नाव हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या चित्रकलेवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. त्यात न आलेली एक गोष्ट सांगते. १९६६ साली त्या देशाने एक डॉलरची नोट काढली आणि तिच्यावर झाडाच्या सालीवरच्या एका आदिवासी चित्राची नक्षी घेतली. बँकेच्या लोकांना वाटलं, चित्रकार कुणी अनामिक असेल, कधीच वारला असेल. तो चित्रकार, डेव्हिड मलांगी, तर उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमध्ये जिवंत होता! नंतर त्याला १,००० डॉलर आणि पदक दिलं.

माझी याडी, म्हणजे आई, जिंतूर तालुक्यातल्या बंजारा तांड्यावर राहते. ऊसतोडीच्या कोपीतही तिने सुई सोडली नाही. आरशाच्या तुकड्यावर आधी दोन उभे, दोन आडवे धागे ताणायचे, मग कडेकडेने गुंफत जायचं, हे ती तिच्या आईकडून शिकली. गेल्या वर्षी एका प्रदर्शनवाल्यांनी तिची पिशवी परत केली. धागा ॲक्रिलिकचा आणि काठावर टाक्यांनी उसाची मोळी न् ट्रॅक्टर भरलेला, म्हणून "हे ओरिजिनल बंजारा नाही." याडी काही बोलली नाही, पिशवी घडी घालून ठेवली. मला मात्र फार लागलं.

१९७१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच पापुन्या या आदिवासी वस्तीतल्या शाळेच्या भिंतीवर तिथल्या माणसांनी मधमुंगीचं चित्र काढलं. वाळूवर, अंगावर काढायच्या खुणा त्यांनी बाजारच्या रंगांनी फळ्यांवर उतरवल्या, पुढे ॲक्रिलिकने कॅनव्हासवर. परक्यांना काय दाखवायचं आणि काय झाकायचं, तेही त्यांनीच ठरवलं. ती चित्रं आज तिथल्या मोठमोठ्या कलादालनांत आहेत, चित्रकारांच्या नावानिशी. मग याडीचाच धागा खोटा कसा?

एका संग्रहालयात मी जुना फेटिया, म्हणजे आमच्या बायकांचा घागरा, पाहिला. पाटीवर एवढंच: 'बंजारा स्त्रीचा पोशाख'. काचेला नाक लावून बघितलं तर कवड्यांच्या रांगेत एका जागी शर्टाचं बटण टाचलेलं. कवडी निसटली असेल, हाताशी बटण होतं, बाईने तेच लावलं. तिला कुणी अडवलं नव्हतं.

ती बाई कोण, कुठल्या तांड्याची, हे संग्रहालयांनी शोधून पाटीवर लिहावं. नवीन वस्तू घेताना तर नाव, गाव, साल तिथेच विचारून घ्यावं. ते टाके ओळखणाऱ्या आज्या आमच्या तांड्यावर आता तीनच उरल्या आहेत. यायचं तर दिवाळीच्या आत या, नंतर घरं ऊसतोडीला जातात.

आपली,
एक शिक्षिका, ता. जिंतूर, जि. परभणी